मोडलेल्या पायाची किंमत कोण ठरवणार?

(कुंभार पिंपळगाव येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज कापसाच्या भावावर भाषण होणार असे तुम्हाला वाटले असेल. भावावर आपण नेहमीच बोलतो, पुढेही बोलू. आज आम्ही रस्त्यावरच्या अपघातावर बोलणार आहोत. अपघातात हातपाय मोडला तर भरपाई कोणाकडे मागायची, किती दिवसांत मागायची आणि कोणत्या कागदावर मागायची, एवढाच आजचा विषय आहे.

शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आपला अर्धा संसार आता रस्त्यावर आहे. कापूस जिनिंगला न्यायचा तर रस्ता, तहसीलचे काम निघाले तर घनसावंगीचा रस्ता, रेल्वे गाठायची तर परतूरचा रस्ता, कोर्टाची तारीख असली तर जालन्याचा रस्ता. १८ जुलै २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडी शिवारात पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप विहिरीत पडली आणि ७ जण गेले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या ७ जणी गेल्या. या मोठ्या बातम्या झाल्या. पण बाजारातून येताना मोटारसायकलवरून उडालेल्या एकट्या माणसाची बातमी होत नाही. त्याचा पाय मोडतो, बैल विकले जातात, सावकार दारात येतो आणि दोन वर्षांनी गाव म्हणते, नशिबाचे भोग.

नशिबाचे किती आणि आपल्या अज्ञानाचे किती, हे आज तपासू.

आधी आमची चूक

२०१६ सालच्या पावसाळ्यात एका गावची बैठक आटोपून आम्ही रात्री मोटारसायकलवर परत येत होतो. मागून आलेल्या पिकअपने धडक दिली. डावा गुडघा फुटला. चालक पळाला नाही, त्यानेच उचलून दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी गाडीमालक आला, सोबत चार भली माणसे आली. म्हणाले, "साहेब, पोरगा गरीब आहे. केस झाली तर त्याचे लायसन जाईल. आपसात मिटवू." आम्ही शंभराच्या स्टॅम्पवर सही केली आणि १५ हजार रुपये घेतले. चळवळीतल्या माणसाने गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असे वाटले.

पुढे दोन ऑपरेशने झाली. खर्च दीड लाखावर गेला. गुडघा आजही पुरता वाकत नाही. आम्ही परभणीला कृषीची पदवी घेतली. गावोगाव जाऊन सातबारा कसा वाचायचा ते सांगतो. आणि आम्हाला एवढे कळले नाही, की भरपाई त्या पोराच्या खिशातून जायचीच नव्हती. गाडीचा विमा चालू होता. पैसे विमा कंपनीने द्यायचे होते. गरिबावर दया म्हणून आम्ही सही केली आणि ती दया विमा कंपनीच्या पदरात पडली.

म्हणून पहिली गोष्ट. आपसात मिटवण्याच्या कागदावर सही करू नका. तो कागद पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो.

पैसे कोण देतो, मागायचे कोठे

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. रस्त्यावर येणाऱ्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा केली तर त्याची भरपाई देणारा विमा गाडीमालकाने काढलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. यालाच थर्ड पार्टी विमा म्हणतात. एसटीची बस असेल तर महामंडळ स्वतः जबाबदार असते. तिकीट जपून ठेवायचे.

ज्याला इजा झाली त्याने, किंवा माणूस गेला असेल तर वारसांनी, कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. आपल्यासाठी ते जालन्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात पुण्याला झाला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, दावा लावता येतो.

पोलीस केस वेगळी आणि हा दावा वेगळा. पोलीस केसमध्ये चालकाचा गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो. दाव्यात चूक कोणाची असण्याचा संभव जास्त, एवढेच पाहतात.

आता मुदत. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन लागू झाले. या बंधनाला आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सांगितले, की केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसू नये. वाफसा गेल्यावर पेरलेले उगवत नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने, असेच धरून चला.

पहिल्या आठवड्याचे कागद

माणूस कळवळत असताना कागद कोणाला सुचत नाही. म्हणून हे काम जखमीचे नाही, भावकीचे आणि शेजाऱ्यांचे आहे.

१) आधी दवाखाना. केंद्र सरकारने ५ मे २०२५ ला योजना जाहीर केली आहे. त्यानुसार मोटार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात विचारा, अडून विचारा. आणि जखम अपघाताची आहे, कोणत्या गाडीने झाली, हे दवाखान्याच्या नोंदीत येऊ द्या. "पडला" एवढेच लिहिले गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील तोच शब्द धरून बसतो.

२) गाडीचा नंबर आणि गाडीचा फोटो. नंबर मिळाला की विमा कोणाचा ते शोधता येते.

३) पोलिसांत फिर्याद आणि जागेचा पंचनामा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. हा अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणूनही धरू शकते. तरी त्यावर विसंबू नका. प्रती मागून घ्या आणि आपला अर्ज आपण करा.

४) औषधाची प्रत्येक पावती, गाडीभाड्याची चिठ्ठी, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. सगळे एका पिशवीत. पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात.

काही भीती मनातून काढा. फिर्याद द्यायला उशीर झाला, तरी उशिराचे कारण पटण्यासारखे असेल तर दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसे सांगितले आहे. तुमच्याजवळ लायसन नव्हते आणि धडक ट्रकने दिली, तर केवळ लायसन नाही म्हणून तुमची चूक ठरत नाही. हा निकाल २००८ चा. मोटारसायकलवर तिघे होते, पण अपघात त्या तिसऱ्या माणसामुळे झाला नाही, तर भरपाई कापता येत नाही; हा निकाल २०२० चा. याचा अर्थ तिघे बसा असा नाही. याचा अर्थ, "तुमचीच चूक आहे, गप बसा" असे कोणी दटावले तर गप बसू नका.

टक्का पायाचा की कामाचा

आता मुद्द्याची गोष्ट. दाव्यात दोन आकडे सगळे ठरवतात. अपंगत्व किती टक्के, आणि उत्पन्न किती. दोन्ही आकड्यांत कोरडवाहू शेतकरी मारला जातो.

समजा गुडघा कायमचा आखडला. डॉक्टर दाखल्यावर लिहितात, वीस टक्के. तो टक्का शरीराचा असतो. पण भरपाई शरीराच्या टक्क्यावर नाही, कमाई किती बुडाली त्यावर द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात हे स्वच्छ मांडले. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तोच माणूस सरकारी कारकून असेल, तर कदाचित काहीच जात नाही. म्हणजे आधी विचारायचे, हा माणूस काम काय करत होता.

मग आपण कोर्टाला सांगतो का, की आपण काय काम करतो? "व्यवसाय शेती" एवढे लिहितो आणि मोकळे होतो. न्यायाधीशाने, वकिलाने कापूस वेचलेला नसतो. त्यांना सांगितले पाहिजे.

जूनमध्ये तिफणीमागे दिवसभर ढेकळांतून चालायचे. पीक उभे राहिले की कोळपे धरायचे, त्यावर जोर द्यायचा तो पायाच्या बळावर. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन चिखलातून ओळीओळीने फवारणी करायची. खुरपणी उकिडवे बसून. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी कमरेत वाकून, पोटाशी ओटी बांधून. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी, दिवसभर वाकून, पेंढ्या बांधून, डोक्यावर वाहून. गुरांना पाणी, धारा, शेण, सगळे बसून-उठून. ज्याचा गुडघा वाकत नाही, त्याने यांतले कोणते काम करायचे? खुर्चीवर बसून करण्याचे कोरडवाहू शेतीत एकच काम आहे, ते म्हणजे कर्जाचा हिशोब.

डॉक्टरच्या वीस टक्क्यांचे शेतकऱ्यासाठी चाळीस, पन्नासही होऊ शकतात. पण ते आपोआप होत नाहीत. वर्षभराच्या कामांची यादी महिन्यावार लिहा, प्रत्येक कामापुढे आता होते की नाही ते लिहा आणि तुमच्या शपथपत्रात ती आणा. अपंगत्वाचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून घ्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा. डॉक्टरने येऊन सांगितल्याशिवाय नुसत्या दाखल्यावर न्यायालये भरवसा ठेवत नाहीत.

उत्पन्नाचा कागद

दुसरा आकडा उत्पन्नाचा. नोकरदार पगारपत्रक ठेवतो आणि मोकळा होतो. आपण काय ठेवणार? विमा कंपनीचा वकील विचारतो, "पाच एकर कोरडवाहू, त्यातून मिळते काय?" आणि मग म्हणतो, "जमीन तर जागेवरच आहे. पाय मोडला, शेत थोडेच मोडले?"

या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर लागते. २००३ च्या एका हरियाणाच्या प्रकरणात शेतकरी अपघातात गेला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, जमीन वारसांकडे राहते हे खरे, पण ती कसायला आता माणसे लावावी लागतील, तेही पाहिले पाहिजे. आपले उत्तर त्यातच आहे. अपघातानंतर जे काम मजुराकडून करून घ्यावे लागले, त्याची वही ठेवा. तारीख, काम, मजुराचे नाव, दिलेली मजुरी, सही किंवा अंगठा. सालगडी ठेवला तर त्याचे साल किती ठरले ते लिहून घ्या. बैलजोडी विकली तर बाजाराची पावती ठेवा. जमीन बटईने द्यावी लागली तर तो करार कागदावर आणा. या वहीतून दिसते, की तुमच्या अंगमेहनतीची किंमत काय होती.

सोबत सातबारा, आठ-अ, पीकपेरा, कापूस विकल्याची काटापट्टी, बाजार समितीची हिशोबपट्टी, दुधाच्या पावत्या, पीककर्जाचा उतारा. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्यानेही घाबरू नये. २०११ मध्ये एका हमालाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रोजाने काम करणाऱ्याकडे उत्पन्नाचा कागद नसतो, त्याचे म्हणणे वाजवी असेल तर ते मानले पाहिजे.

आता गणित करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. वय ३८. वकिलाने अर्जात घाईने उत्पन्न लिहिले महिना ६,००० आणि अपंगत्व दाखल्याप्रमाणे २० टक्के. वय चाळीसच्या आत आणि काम स्वतःचे, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे; २०१७ आणि २०२० च्या निकालांनी ही रीत पक्की केली. ८,४०० झाले. वर्षाचे १,००,८००. त्याचे २० टक्के २०,१६०. वय ३६ ते ४० ला गुणक १५. हा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. उत्तर ३,०२,४००.

तोच माणूस, तोच गुडघा. पण वही होती, काटापट्टी होती, कामांची यादी होती, डॉक्टर साक्षीला आला. न्यायाधिकरणाने उत्पन्न धरले १२,००० आणि कमाईतले नुकसान ४० टक्के. उत्तर १२,०९,६००. चौपट! दवाखान्याचा खर्च, बसून गेलेले महिने, सोसलेल्या वेदना, यांची भरपाई आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

हा फरक पायाचा नाही, कागदाचा आहे. तुम्हाला हे ओळखीचे वाटत असेल. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, एवढे सांगण्यात चळवळीची किती वर्षे गेली! शेतकऱ्याचा घाम फुकट धरायची सवय बाजाराला आहे, तशी कोर्टाच्या कागदालाही लागू शकते. ती मोडायची असेल तर आपल्या घामाचा हिशोब आपणच ठेवला पाहिजे.

मायबहिणींसाठी

बाईला अपघात झाला की अर्जात लिहितात, "गृहिणी, उत्पन्न नाही." हे लिहू देऊ नका. खुरपणी कोण करते? वेचणी कोण करते? शेळ्या कोण सांभाळते? तिचे शेतकाम लिहा, मजुरीला जात असेल तर ते लिहा आणि घरकामही लिहा. घरकामाला पैशात किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात मानले आणि ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा ठासून सांगितले. आपण घरात मानायचे तेवढे राहिले आहे.

ट्रॉली आणि टेम्पो

आता कडू बोलतो. ट्रॅक्टरला बसायची जागा एक, ती चालकाची. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी नाकारते आणि न्यायालये बऱ्याचदा तिचे ऐकतात. मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाबद्दलही २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मग भरपाई कोणावर येते? ट्रॅक्टरमालकावर. आणि ट्रॅक्टरमालक कोण? तुमचा आमचा भाऊबंद. जखमी मजूर बाई एका बाजूला, कर्जाचा ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला, दोघेही बुडतात. म्हणून ट्रॉलीचा विमा वेगळा आहे का ते पाहा, मजुरांसाठी जादा हप्ता भरता येतो का ते विचारा आणि माणसे ट्रॉलीत नेऊ नका. दोन फेऱ्यांचे भाडे वाचवायला सात चिता पेटवू नका.

कापूस घेऊन टेम्पोत तुम्ही बसलात, तर गोष्ट वेगळी. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात धरला आहे. पण माल तुमचा होता हे दाखवावे लागते. म्हणून निघतानाच भाड्याची चिठ्ठी करा आणि त्यावर तुमचे नाव येऊ द्या.

गाडी पळाली तर

धडक देऊन गाडी पळाली, नंबर कळला नाही, तरी हात हलवत परतू नका. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा.

शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी आहे. खातेदार आणि त्याच्या घरातली खातेदार नसलेली एक व्यक्ती तिच्यात बसते. मृत्यू झाला किंवा दोन हात, दोन पाय, दोन्ही डोळे निकामी झाले तर २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा.

आणखी एक सावधगिरी. चूक कोणाची हे न पाहता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देण्याची तरतूद आहे. ती रक्कम लवकर हातात पडू शकते. पण ती विमा कंपनीकडून तडजोडीने स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपतो. नुकसान मोठे असेल तर सही करण्याआधी वर केलेले गणित घरी करून पाहा. लोकअदालतीचेही तसेच. तडजोड चांगली, खटला लवकर संपतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा आधी आपल्या डोक्यात पक्का हवा.

दवाखान्याच्या फाटकावर दलाल उभे असतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. भरपाई तुमच्याच बँक खात्यात आली पाहिजे. वकील लावायची ऐपत नसेल तर जालन्याच्या कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

गावाने काय करायचे

आज उठण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवू. प्रत्येक गावातून दोन माणसे पुढे यावीत, अपघात झाला की पिशवी आणि कागद ही त्यांची जबाबदारी. प्रत्येक घरात कामाची आणि विक्रीची वही असावी. ती अपघातासाठीच लागते असे नाही, भाव मागतानाही लागते. आणि ज्याच्या घरी गाडी आहे, त्याने आज घरी जाऊन विम्याची तारीख पाहावी. आपल्या मोटारसायकलखाली उद्या आपल्याच गावचे पोर आले आणि विमा संपलेला असला, तर त्याच्या बापाला आपले शेत विकून पैसे द्यावे लागतील.

आमचा गुडघा आता सरळ व्हायचा नाही. ज्वारी काढायला बसता येत नाही, बांधावर उभे राहून पाहतो. त्या रात्री आम्हाला हे सांगणारा कोणी भेटला नाही. तुम्हाला आज सांगितले. आता तुमच्यापैकी कोणी स्टॅम्पवर सही करून आले, तर तो दोष नशिबाचा धरू नका.